बसवलेला नाच राहतो कुठे?

नाच बसवताना नव्या हालचाली सुचणं हा कामाचा एक भाग झाला. पुष्कळसा वेळ जातो तो जुळवाजुळवीत: आधी कोणता पाय, गिरकी कितव्या मात्रेवर, दोघं एकाच वेळी मधे आले तर थांबायचं कोणी. हे सगळं ठरलं, की ते टिकवायचं कसं हा पुढचा पेच.

कागदावर उतरवण्याची खटपट जुनी आहे. राउल ऑजे फेय्ये या फ्रेंच नृत्यशिक्षकाने १७०० साली पॅरिसमध्ये नृत्यलेखनाचं पुस्तक छापलं. 'कोरिऑग्राफी' हा शब्द त्याच्या शीर्षकातच होता आणि त्याचा अर्थ होता नाच लिहून काढणं. नाच बसवणं हा अर्थ नंतरचा. १९२८ साली रुडॉल्फ लाबान यांनी आपली लिपी मांडली. ती खालून वर वाचायची. खुणेचा आकार दिशा दाखवतो. हालचाल वरच्या पातळीवर असेल तर खुणेत तिरप्या रेघा, मधल्या पातळीवर असेल तर टिंब, खालच्या पातळीवर असेल तर खूण पूर्ण काळी. खूण जितकी लांब तितका हालचालीला वेळ जास्त. लिपी देखणी आहे, पण वाचू शकणारे मोजकेच.

बाकीच्यांचा भरवसा शरीरावर, आणि तो अनाठायी नाही. बॅलेमध्ये काही हालचाली फक्त पुरुष करतात, काही फक्त स्त्रिया. पाहतात मात्र सगळेच, तेही रोज. लंडनमधल्या संशोधकांनी २००६ साली अशा नर्तकांना दोन्ही प्रकारच्या हालचालींच्या चित्रफिती दाखवून त्यांचे मेंदू तपासले. स्वतः करत असलेली हालचाल पाहताना मेंदूतले हालचालींचं नियोजन करणारे भाग जास्त सक्रिय झाले. म्हणजे नुसत्या पाहण्याने तेवढं साधत नाही.

मग पूर्ण ताकदीने घोटत राहायचं? इथेच खरी गंमत आहे. नर्तक तालमीत अनेकदा 'मार्किंग' करतात: उडीऐवजी टाच उचलायची, गिरकीऐवजी बोट फिरवायचं. अनेकांना हा अंगचोरपणा वाटतो. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बॅलेच्या विद्यार्थ्यांनी एका रचनेचा सराव मार्किंगने केला, दुसरीचा पूर्ण हालचालींनी. शेवटी दोन्ही पूर्ण ताकदीने सादर केल्या, तेव्हा मार्किंगवाली सरस ठरली. तोल आणि उडी सांभाळण्यात लक्ष गुंतलं नाही, की ते क्रमाकडे आणि बारकाव्यांकडे वळतं, असं संशोधकांचं म्हणणं. दम वाचतो तो वेगळाच.