पिगबॅग

पिगबॅग हा इंग्लंडमधील चेल्टनहॅम गावात १९८० च्या अखेरीस जमलेला आणि १९८३ मध्ये मोडलेला फंक (तालावर भर देणारे अमेरिकी कृष्णवर्णीयांचे नृत्यसंगीत) वाजवणारा वाद्यवृंद. पंक या साध्या, आक्रमक रॉक संगीताची लाट ओसरल्यावर अनेक ब्रिटिश तरुण अमेरिकी फंक, मुक्त जॅझ आणि आफ्रिकी तालांकडे वळले. मँचेस्टरचा ‘अ सर्टन रेशो’ हा त्यांतलाच एक गट. पिगबॅगही याच पिढीचा.

क्रिस हॅम्लिन, रॉजर फ्रीमन, क्रिस ली आणि जेम्स जॉनस्टोन ही सुरुवातीची मंडळी. हॅम्लिनच्या पिशवीवर डुकराचे चित्र होते, त्यावरून नाव पडले. पुढे ब्रिस्टलच्या ‘द पॉप ग्रुप’मधून बाहेर पडलेला बास गिटारवादक सायमन अंडरवुड येऊन मिळाला आणि सैलसर वादनाला कणा लाभला. ड्रमवर चिप कार्पेंटर, टेनर सॅक्सोफोनवर ऑली मूर. गायक मात्र कोणीच नव्हता.

‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू पिगबॅग’ ही त्यांची पहिली तबकडी डिक ओडेल यांच्या ‘वाय रेकॉर्ड्स’ने १९८१ मध्ये काढली. शीर्षकात अमेरिकी फंक गायक जेम्स ब्राउनच्या १९६५ मधील ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ या गाण्यावर श्लेष आहे. फंकमध्ये आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर वजन पडते. आपल्याकडे समेवर यावे तसेच. या धूनमध्ये बास तीच आकृती पुन्हा पुन्हा वाजवत राहतो, भोवती तालवाद्यांचा गलका वाढत जातो आणि मग ट्रम्पेट-सॅक्सोफोन एकदम तो छोटासा, हट्टी सूर उचलतात. एकदा ऐकला की तो दिवसभर डोक्यातून जात नाही. आधी ही तबकडी लहान, स्वतंत्र कंपन्यांच्या विक्रीच्या यादीत गाजली. १९८२ मध्ये पुन्हा बाजारात आणल्यावर ब्रिटनच्या मुख्य विक्री-यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. शब्दांवाचून, लहान कंपनीच्या बळावर मिळालेले हे यश खरोखर मोठे होते.

त्याच वर्षी ‘डॉ. हेकल अँड मिस्टर जाइव्ह’ हा अल्बम आला. पिगबॅगला एका धूनचा धनी म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी तो जरूर ऐकावा. त्यातले जॅझचे अंग, सॅक्सोफोनचे खरखरीत, मोकाट आलाप त्या गाजलेल्या धूनमध्ये मावलेले नाहीत. पण नंतरच्या तबकड्यांना तेवढा प्रतिसाद मिळाला नाही, आणि पहिल्या सदस्यांपैकी काही जण तोवर निघूनही गेले होते. १९८३ च्या ‘लेंड अॅन इअर’मध्ये अँजेला जेगर ही अमेरिकी गायिका आली. त्याच वर्षी वाद्यवृंद फुटला.

धून मात्र टिकली. १९९५ मध्ये ‘परफेक्टो ऑलस्टार्ज’ने ‘रीच अप’ या नावाने तिचे नृत्यसंगीतातले रूप केले आणि तेही ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेले. लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या फुटबॉल क्लबच्या मैदानावर गोल झाला की ती वाजू लागली. प्रेक्षक ती हाताने टाळ्या आणि तोंडाने ट्रम्पेट करून म्हणतात, कधी एखाद्या खेळाडूचे नाव त्या सुरांत बसवून.