जीपला डिझेल इंजिन बसवणे

कारखान्यातून पेट्रोल इंजिनासह बाहेर पडलेल्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचे मूळ इंजिन उतरवून त्या जागी दुसऱ्या मोटारीचे, हलक्या मालमोटारीचे किंवा ट्रॅक्टरच्या वंशातले डिझेल इंजिन चढवण्याची गॅरेजमधली पद्धत. ठाणे, कल्याण आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात तिला नुसते ‘इंजिन बदलणे’ किंवा ‘डिझेल बसवणे’ म्हणतात. ‘कन्व्हर्जन’ हा शब्द मागाहून आला. बोलीत ‘जीप’ या नावाखाली विलीज (मूळ अमेरिकन युद्धकालीन जीप), महिंद्राची सीजे-३बी, जबलपूरच्या लष्करी वाहन कारखान्यात बनलेली निसानची जोंगा आणि मारुतीची जिप्सी या सगळ्या येतात. या नोंदीत भर विलीज-महिंद्रा घराण्यावर आहे.

उगम : महिंद्राने विलीज जीप भारतात जोडायला नेमकी कधी सुरुवात केली, याविषयी १९४७ आणि १९४९ अशी दोन वर्षे दिली जातात. पहिले वर्ष जीपच्या धंद्यात पाऊल टाकल्याचे आणि दुसरे माझगाव येथे प्रत्यक्ष जोडणी सुरू झाल्याचे मानल्यास दोन्हींचा मेळ बसतो. पुढे परवान्याखाली बनू लागलेल्या सीजे-३बी या उंच बॉनेटच्या जीपमध्ये ‘हरिकेन’ हे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ १/८ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४ ३/८ इंच, म्हणजे सुमारे २,२०० घसेमी (घन सेंटीमीटर). इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, अशा रचनेमुळे हे इंजिन उंच झाले आणि त्याच्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. डिझेल बसवणाऱ्या मिस्त्रींना हीच उंची पुढे कामी आली. युद्धकाळातल्या बुटक्या बॉनेटच्या जीपमध्ये तीच इंजिने बसवताना बॉनेट कापावे किंवा उचलावे लागते.

पेट्रोल जीप डिझेल करण्याची चाल कोणी पाडली, याचे उत्तर दोन दिशांनी दिले जाते. एका मते तिचे मूळ ब्रिटिश पर्किन्स कंपनीच्या इंजिनांत आहे. पेट्रोल ट्रक आणि मोटारींना पर्किन्सचे डिझेल बसवण्याची प्रथा ब्रिटनमध्ये जुनी होती. मद्रासच्या सिम्पसन कंपनीमुळे ही इंजिने भारतात मिळू लागली. शिवाय खुद्द अमेरिकेतल्या जीप कारखान्याने साठच्या दशकात सीजे-५ मध्ये १९२ घनइंचांचे पर्किन्स डिझेल पर्याय म्हणून दिले होते. दुसऱ्या मते गॅरेजने कारखान्याचा कित्ता गिरवला. १९६३ मध्ये महिंद्राच्या भागीदारीत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली आणि तिच्या बी-२७५ ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन सत्तरच्या दशकात जीपमध्ये आले. कारखान्याने एकदा बसवून दाखवल्यावर माउंटिंग (इंजिन चासीवर बसवण्याचे आधार), बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे कवच) आणि क्लच हे सुटे भाग बाजारात मिळू लागले आणि जुन्या पेट्रोल जीपला तेच भाग लावणे कोणाही चांगल्या फिटरच्या आवाक्यात आले. दुसरे मत अधिक पटते. पर्किन्स पी-४ हे ३.१ लिटरचे अवजड इंजिन आहे आणि जीपचे पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) त्याच्या वजनाने बसतात. सुट्या भागांची सोय तर कारखान्याच्याच वाटेने झाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल भडकले, तेव्हा ही पद्धत रुळली असावी.

ठाणे जिल्ह्यापुरता तिसरा धागा कल्याणच्या लष्करी छावणीकडे जातो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत होऊन १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव पडलेली ती हीच छावणी. लष्कराने निकालात काढलेल्या जीप मुंबई परिसरातल्या खाजगी मालकांच्या हाती आल्या, हे खरे. पण त्या दीर्घकाळ पेट्रोलवरच चालल्या, कारण तेव्हा पेट्रोल परवडत होते. छावणीमुळे जीप आल्या, डिझेल नव्हे.

एमडीआय इंजिनाचा वंश : बसवण्यासाठी सर्वाधिक मागणी असलेल्या इंजिनांपैकी महिंद्राचे एमडीआय हे एक. ते प्यूजोपासून निघाले, अशी समजूत गॅरेजमध्ये पक्की आहे. तिला कारणही आहे. १९८५ च्या सुमारास आलेल्या एमएम-५४० मध्ये प्यूजोचे एक्सडीपी ४.९० हे डिझेल होते आणि त्यानंतर एक्सडी-३पी आले. कंपनी एक, बॉनेट एक, म्हणून पुढचे इंजिनही त्याच घराण्यातले, असे गृहीत धरले गेले. मोजमापे मात्र वेगळे सांगतात. एक्सडीपी ४.९० चा बोअर ९० मिमी आणि स्ट्रोक ८३ मिमी, म्हणजे २,११२ घसेमी. एक्सडी-३पी चा बोअर ९४ आणि स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे २,४९८ घसेमी. फ्रेंच कारखान्याला साजेसे हे पूर्ण मिलिमीटरमधले आकडे आहेत. एमडीआयचा बोअर ८८.९ मिमी आणि स्ट्रोक १०१.६ मिमी, घनमान २,५२३ घसेमी. हे आकडे मिलिमीटरमध्ये विचित्र दिसतात, पण इंचात मांडले की बरोबर साडेतीन आणि चार होतात. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटिश ट्रॅक्टरांवरील बीडी-१५४ या इंजिनाचे माप हेच. १५४ म्हणजे घनइंच आणि १५४ घनइंच म्हणजे २,५२३ घसेमी. बी-२७५ चे इंजिन त्याच घराण्यातले, थोड्या लहान बोअरचे. हेडची रचना, डायरेक्ट इंजेक्शन आणि पंप पुढे बदलले, तरी ब्लॉकचे मूळ ट्रॅक्टरमध्ये शोधावे लागते.

हा वाद कागदी नाही. वंश कळला की इंजिन मिनिटाला किती फेऱ्या सोसते ते कळते. प्यूजो इंजिन मोटारीचे आहे, त्याला ४,००० च्या पुढे जायला त्रास होत नाही. लांब स्ट्रोकचे ट्रॅक्टरवंशी इंजिन ३,००० च्या आसपास धडधडू लागते. एमडीआय ३२०० या नावातला आकडाही सहसा कमाल शक्तीच्या फेऱ्यांशी जोडतात. फेऱ्यांचा हा फरक न जाणता जोडलेल्या गाड्याच गॅरेजमध्ये परत आलेल्या दिसतात.

क्राउन-पिनियनचा हिशेब : क्राउन-पिनियन ही ॲक्सलमधली दातेरी जोडी. तिच्या गुणोत्तराइतक्या फेऱ्या शाफ्टने केल्या की चाक एकदा फिरते. युद्धकाळातल्या विलीजच्या ॲक्सलचे गुणोत्तर ४.८८, तर सीजे-३बीचे ५.३८. तीन गिअरच्या टी-९० गिअरबॉक्समध्ये टॉप गिअर थेट असतो, म्हणजे शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो. ६.००-१६ आकाराचा टायर एका फेरीत साधारण २.२ मीटर जातो, असे धरू. ताशी ८० किमी वेगाला चाक मिनिटाला सुमारे ६०६ वेळा फिरते. त्याला ५.३८ ने गुणले की इंजिनाच्या ३,२६० फेऱ्या येतात. ४.८८ ने गुणले तर २,९६०. म्हणजे सीजे-३बीमध्ये एमडीआय बसवून बाकी काही न बदलता ठाणे-नाशिक महामार्गाला लागलेला मालक ऐंशीच्या वेगाला इंजिन त्याच्या वरच्या टोकावर चालवत असतो. मुरबाड किंवा शहापूरच्या आतल्या रस्त्यांवर ताशी चाळीसने तीच गाडी तक्रार करत नाही. महामार्गावर मात्र आवाज वाढतो, पाणी तापते आणि दोष इंजिनाला दिला जातो. उपाय तीन आहेत : नवे क्राउन-पिनियन, पाचवा गिअर असलेला गिअरबॉक्स किंवा मोठे टायर. तिसरा स्वस्त आहे, पण त्याने ब्रेकवर आणि ॲक्सलच्या टोकाच्या क्रॉसवर ताण येतो. शिवाय स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही.

जोराविषयीचा गैरसमज : डिझेल बसवले की चढावर जोर वाढतो, हे सरसकट खरे नाही. हरिकेन इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिनिटाला २,००० फेऱ्यांना सुमारे १५५ न्यूटन-मीटर होता. पेट्रोल असूनही लांब स्ट्रोकमुळे तो खालीच मिळत असे. त्याच घनमानाचे टर्बो नसलेले डिझेल त्याहून जास्त देत नाही, बहुधा कमीच देते. एक्सडीपी ४.९० बसवलेली जीप माळशेजच्या चढावर मूळ जीपला मागे टाकत नाही. फायदा आहे तो इंधनाचा. डिझेलला थ्रॉटलची झडप नसते आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा दाबण्याचे गुणोत्तर) पेट्रोलपेक्षा खूप जास्त असते, त्यामुळे कमी भाराला, म्हणजे रोजच्या वापरात, ते खूप कमी पिते. टॉर्क खरोखर वाढतो तो टर्बो आणि कॉमन-रेल इंजिनांत, पण तेव्हा टी-९० गिअरबॉक्स आणि जुने ॲक्सल यांच्या सहनशक्तीचा प्रश्न उभा राहतो.

जोडकाम : विलीजमध्ये स्पायसर १८ हा ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलना शक्ती वाटणारा डबा) गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्टने बसतो आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे जाणारे प्रॉपेलर शाफ्ट उजव्या बाजूने निघतात. इंजिन कोणतेही आणले तरी शाफ्टची ही बाजू सुटत नाही. पुढच्या ॲक्सलचा फुगीर भागही उजवीकडेच असल्याने नव्या इंजिनाचा सम्प (खालचे तेलपात्र) त्याला लागणार नाही ना, हे इंजिन चेन-पुलीवर टांगलेले असतानाच पाहावे लागते. पाटे पूर्ण दबल्यावर जे अंतर उरते, ते खरे अंतर.

जुना गिअरबॉक्स ठेवायचा तर इंजिन आणि बेल हाउसिंग यांमध्ये अडॅप्टर प्लेट येते. सगळ्या कामाचा प्राण या प्लेटमध्ये आहे. तिच्यावरची भोके जुळली म्हणजे काम झाले, असे नाही. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत हवे. इंचाच्या पाच हजारांशापेक्षा, म्हणजे सुमारे ०.१३ मिमीपेक्षा जास्त फरक राहिला, तर पायलट बेअरिंग खाल्ले जाते, टॉप गिअर निसटतो आणि क्लच थरथरतो. म्हणून चांगला टर्नर डायल गेज लावून हाउसिंग फिरवून पाहतो आणि मगच डॉवेल (जागा पक्की करणारी खुंटी) ठोकतो. ठाण्यात हे काम होऊ शकले, ते वागळे इस्टेटमुळे. औद्योगिक विकास महामंडळाच्या १९६२ मधल्या स्थापनेशी जोडलेली ही वसाहत, आणि पलीकडे ठाणे-बेलापूर पट्टा. या दोहोंच्या आधाराने लेथ, मिलिंग आणि त्यावर हात बसलेले कारागीर हाकेच्या अंतरावर आले. वापरलेली इंजिने कुर्ल्याच्या भंगार बाजारातून, तर ट्रकचे सामान कळंबोलीकडून येई. जीपला डिझेल बसवणाऱ्या मिस्त्रीचे नाव होते, प्लेट बनवणाऱ्या टर्नरचे सहसा होत नाही. श्रेयाची ही वाटणी न्याय्य नाही.

बाकी कामे लहान वाटतात, पण विसरली की गाडी उभी राहते. डिझेलला टाकीकडे परत जाणारी नळी लागते. पाणी वेगळे करणारा फिल्टर लागतो. एअर पकडल्यास हाताने पंप मारून ती काढावी लागते. हीटर प्लग आणि जड सेल्फसाठी मोठी बॅटरी हवी, आणि सुरुवातीच्या जीपमधली सहा व्होल्टची यंत्रणा तर पूर्णच बदलावी लागते. डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम तयार होत नाही, हा मुद्दा सर्वांत जास्त निसटतो. जुन्या विलीजचा वायपर व्हॅक्युमवर चालतो. हिवाळ्यात डिझेल बसवलेल्या गाडीचा वायपर चालत नाही, हे मालकाला जूनमध्ये कळते. ब्रेकला बूस्टर असेल तर धोका मोठा, म्हणून अल्टरनेटरवरचा व्हॅक्युम पंप इंजिनासोबतच आणावा.

पावसाळ्याशी या पद्धतीचे नाते दुहेरी आहे. डिझेलमध्ये कॉइल, डिस्ट्रिब्युटर, प्लग नसतात. त्यामुळे जिथे पेट्रोल जीप ओल धरून बंद पडते, त्या ओढ्यातून डिझेल जीप निघून जाते. पण हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले, तर उच्च कॉम्प्रेशनमुळे कनेक्टिंग रॉड वाकतात आणि इंजिन जाते. हवेची नळी वर घेतल्याशिवाय ओढ्यात उतरू नये.

जिप्सी : १९८५ मध्ये ९७० घसेमी इंजिनासह आलेल्या आणि १९९६ पासून १.३ लिटरच्या झालेल्या जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटा असतो आणि मध्ये छोटा शाफ्ट असतो. त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच बदलता येतात. काँटेसा व ॲम्बॅसडरमधले १,९९५ घसेमीचे इसुझू त्यासाठी सोयीचे, कारण ते मुळातच गाडीच्या लांबीत उभे बसणारे. झेन व एस्टीमच्या डिझेल प्रकारातले प्यूजोचे १,५२७ घसेमीचे इंजिन हलके आहे, पण आडवे बसणारे असल्याने त्याला प्लेट करावी लागते.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये मूळ मदार नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीवर होती. २००० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करण्यास मनाई झाली. अपवाद आहे तो बॅटरी, सीएनजी, एलपीजी यांसारख्या इंधनासाठी रूपांतर-संच बसवण्याचा. दहा किंवा अधिक परिवहन वाहनांच्या मालकांना इंजिन बदलण्याची जी मुभा राज्य शासन देऊ शकते, तीही त्याच बनावटीच्या आणि त्याच प्रकारच्या इंजिनापुरती. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात मूळ तपशिलाला बाधा आणणारा बदल चालणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतरच्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एमएच-०४, एमएच-०५ किंवा एमएच-४३ ची जुनी जीप विकत घेताना आरसी बुकावरचे इंधन आणि इंजिन नंबर गाडीशी ताडून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. पूर्वी परवानगीने झालेला बदल बुकावर चढलेला असतो. न चढलेला बदल पासिंगच्या वेळी अडतो.

ऱ्हास : पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. दोन्हींतली दरी मिटत गेली, तसे रूपांतराचे मुख्य कारणच उरले नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद आली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडीच तिला पात्र ठरते. सीजे-३बीचे उतरवलेले हरिकेन इंजिन ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवणाऱ्या मालकांना आता ते परत बसवण्याचा विचार करता येतो. चासीवरची मूळ माउंटिंग गॅसकटरने कापून टाकलेल्या गाड्यांत ते अवघड असते. ज्यांनी नवी माउंटिंग बोल्टने, जुन्यांना हात न लावता बसवली, त्यांच्या गाड्यांत हे इंजिन जुन्या भोकांवर पुन्हा बसते.