पेवातला कंदील, लेणीतली हवा आणि घरातली ओल

सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूर, जालना या जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर तलाठी आले, पंचनामे झाले. घराचे नुकसान अंशतः धरायचे तरी किमान १५ टक्के पडझड असावी लागते. भिंत उभी आहे, पण आतून भिजून गेली आहे, कपाटामागे काळे ठिपके उमटले आहेत, गोधड्यांना कुबट वास येतो, लेकराचा खोकला जात नाही, असल्या नुकसानीला त्या कागदावर जागाच नाही. म्हणून आता लोक विचारू लागले आहेत, की घरातल्या बुरशीची तपासणी कुठे करून मिळते. या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे आणि त्यातला एक मोलाचा भाग मराठवाड्यातच घडला आहे.

घरातल्या हवेची पारख हे आपल्याकडे नवे नाही. ज्वारी साठवायला जमिनीत पेव असे. बंद पेवात दाणे श्वास घेतात, प्राणवायू संपतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड तळाशी साचतो. उघडल्या उघडल्या त्यात उतरलेला माणूस गुदमरून जाई. म्हणून जाणती माणसे पेव आधी उघडे ठेवत आणि मग दोरीला कंदील बांधून आत सोडत. कंदील विझला तर उतरायचे नाही. या परीक्षेला मर्यादा होती, कारण प्राणवायू पुरेसा असूनही विषारी वायू असू शकतो आणि तो कंदिलाला कळत नाही. पण आत जाण्याआधी हवा तपासायची, हा विचार त्यात पक्का होता.

माळवदाच्या घराचेही असेच. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी सऱ्या-किलचणावर पांढऱ्या मातीचा थर, धूर जायला आणि उजेड यायला माळवदात सवणे. पावसाळ्याआधी माळवदावर पुन्हा माती टाकायची, गळती शोधायची, भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, धरला तर तो खरवडायचा, ही दरवर्षीची कामे होती. माती ओल शोषते तशी परत सोडतेही. जुनी घरे ओलीपासून मुक्त होती असे मी म्हणणार नाही. पण ओल कुठून आली हे घरातल्या बाईला बोट ठेवून सांगता येत असे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हे सगळे बदलले. त्याच जड भिंती आणि त्याच मातीच्या माळवदांखाली हजारो माणसे झोपेतच गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि साऱ्या मराठवाड्यात मातीच्या छताची धास्ती बसली. स्लॅबचे घर हवे, हा आग्रह योग्यच होता, त्याबद्दल दुमत नको. मात्र घर बदलले तशी ओलीची रीतही बदलली आणि ती आपल्याला कुणी शिकवली नाही. सपाट स्लॅबवर पाणी साचते. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना तडे जातात. त्या तड्यांतून पाणी आत येते. जुन्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही, मग ती रंगाचे पोपडे काढत वर चढते.

हवेत नेमके काय आहे ते मोजण्याची सुरुवात मात्र घरापासून झाली नाही. भारतात हे काम डी. डी. कनिंगहॅम या ब्रिटिश डॉक्टरने कलकत्त्यात केले. १८७३ मध्ये त्याने तिथल्या तुरुंगांमधली हवा काचेवर टिपून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बुरशीचे बीजाणू, म्हणजे हवेतून पसरणारे तिचे सूक्ष्म कण, भरपूर सापडले, पण त्यांच्या संख्येचा आणि कैद्यांमधल्या पटकी-तापाचा मेळ काही लागला नाही. मोजलेला आकडा आणि आजार यांची थेट सांगड घालता येत नाही, ही अडचण दीडशे वर्षांपूर्वीच दिसली होती. पुढे १९५२ मध्ये इंग्लंडमधल्या हर्स्ट यांनी पिकांवरचे रोग अभ्यासण्यासाठी बीजाणू टिपणारे यंत्र केले. १९५८ मध्ये अमेरिकेत अँडरसन यांचे सहा चाळण्यांचे यंत्र आले. हवा ओढून घ्यायची आणि तिच्यातले कण आकारानुसार वेगवेगळ्या ताटल्यांवर वाढवायचे, ही त्याची पद्धत आजही वापरात आहे.

त्याच १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतल्या बीजाणूंचा अभ्यास उभा केला. १९७० मध्ये त्यांनी आणि कुलकर्णी यांनी स्वतःचे यंत्र प्रसिद्ध केले. ते विजेवर चाले आणि आत हळूहळू फिरणाऱ्या नळकांड्यावरच्या चिकट पट्टीवर आठवडाभराची हवा सलग नोंदली जाई. देशभरच्या अभ्यासकांनी ते ‘टिळक एअर सॅम्पलर’ म्हणून वापरले. १९७२ मध्ये याच दोघांनी औरंगाबादच्या लेण्यांच्या आतली आणि बाहेरची हवा तपासून तुलना प्रसिद्ध केली. आत किती बीजाणू आहेत एवढेच विचारायचे नाही, बाहेर त्याच वेळी किती आहेत तेही पाहायचे. आज घराच्या तपासणीत नेमका हाच नियम पाळतात.

लेणी हीसुद्धा एक इमारतच. अजिंठ्याच्या चित्रांखाली मातीचा गिलावा आहे आणि त्यात भाताचा तूस, झाडांचे तंतू मिसळलेले आहेत. किड्यांना आणि बुरशीला ते खाद्यच. २०१६ मध्ये राजदेव सिंग आणि विद्यापीठातले एम. एम. सरदेसाई यांनी दाखवले, की वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू घातले आहेत आणि तो किडीपासून टिकला. अजिंठ्यात ते नाहीत आणि तिथे किमान चौथा हिस्सा चित्रांना कीड लागली आहे. चित्रांसाठी एवढी काळजी घेतली गेली याचा मला अभिमान आहे. टिळकांचे तेच यंत्र पुढे झोपडपट्टीतल्या, वसतिगृहातल्या, आश्रमशाळेतल्या खोलीत नेहमीसाठी गेले असते तर किती बरे झाले असते.

घरे तपासण्याचा व्यवसाय उभा राहिला तो पश्चिमेत. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिथे इंधन वाचवायला इमारती हवाबंद केल्या गेल्या आणि आत बसणाऱ्यांची डोकेदुखी, खोकला वाढला. १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची दखल घेतली. त्यानंतर रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, ॲसबेस्टॉस, शिसे आणि शेवटी बुरशी यांच्या तपासण्या आल्या. २००९ मध्ये संघटनेने ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक पुस्तिका काढली, पण बीजाणूंची सुरक्षित संख्या किती, हा आकडा तिने दिला नाही. देताच येत नाही. ओल रोखा, एवढेच तिचे सांगणे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचेही म्हणणे असेच, की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुना घ्यायची गरज नसते.

आपल्याकडे २००९ ची राष्ट्रीय हवा-मानके बाहेरच्या हवेची आहेत. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. चुलीच्या धुराचे मोजमाप १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत कर्क स्मिथ आणि सहकाऱ्यांनी केले. स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावरच मोजण्याचे यंत्र बांधले होते. पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळणाऱ्या आपल्या बायांची स्थिती त्याहून वेगळी असण्याचे कारण नव्हते. राहत्या घरातल्या बुरशीला मात्र आजही कायद्याचे माप नाही.

२०२१ मध्ये कोरोनानंतर ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघरी गेला आणि भिंतीवरचा काळा डाग पाहून लोक घाबरू लागले. त्या आजाराची, म्हणजे म्युकरमायकोसिसची, बुरशी आणि भिंतीवरचे काळे थर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या आजारात काळे पडते ते माणसाचे मेलेले मांस; बुरशीचा रंग नव्हे. भिंतीची बुरशी दमा आणि ॲलर्जी वाढवते, तेवढे कारणही ती काढायला पुरेसे आहे.

आणि कूलर. खिडक्या लावून रात्रभर कूलर चालवला की कोरड्या मे महिन्यातही खोली दमट होते, गवताच्या जाळ्या कुबट होतात. कूलर चालतो तो खिडकी उघडी असेल तरच.

तपासणीला पैसे घालवण्याआधी ओल कुठून येते ते पाहावे. डागावर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवावा. दुसऱ्या दिवशी थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर ते खोलीतल्या हवेतले आहे.