केळीवरची चिलटं मेंदूच्या आजारापर्यंत कशी पोचली

रावेर-यावलकडे ट्रकमध्ये केळी भरताना एखादी फणी तुटून खाली पडते. दोन-तीन दिवसांत ती काळी पडते, आंबूस वास सुटतो आणि वर चिलटं जमतात. लांबून धूळ उडाल्यासारखी वाटतात. जवळून पाहिलं तर जेमतेम तीन मिलिमीटरचं अंग आणि विटकरी लाल डोळे. आंबा, पेरू, कारलं किडवणारी शेतकऱ्याची फळमाशी ती ही नव्हे. तिचं कुळच वेगळं. ही ड्रोसोफिला, आंबलेल्या फळातल्या यीस्टवर जगणारी.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांनी तिला दुधाच्या बाटल्यांत, केळी खाऊ घालूनच पाळलं. खोली १६ बाय २३ फुटांची. १९१० मध्ये तिथे पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला आणि जनुकं गुणसूत्रांवर असतात हे त्यातून पक्कं होत गेलं. गुणसूत्रांच्या जोड्या चारच, पिढी दहा-बारा दिवसांत. आपल्याकडे केळी लावून घड कापेपर्यंत माशीच्या तीसेक पिढ्या उरकतात.

मेंदूकडे वळायला मात्र आणखी साठेक वर्षं गेली. सीमोर बेंझर मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. १९७२ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी होत्ता यांनी ‘ड्रॉप-डेड’ माशीचं वर्णन केलं: काही दिवस धडधाकट, मग झोकांड्या, मग पाठीवर पडून पाय वर. मेंदू कापून पाहिला तर भोकंच भोकं. (बेंझर यांच्याबरोबर काम केलेले ओबेद सिद्दिकी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत माशीवरचं संशोधन रुजवलं.)

पण माणसाच्या आजाराचं जनुकच हाती नसेल तर माशीत घालणार काय? हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचं जनुक १९९३ मध्ये सापडलं, एससीए-३ या अटॅक्सियाचं, म्हणजे तोल जाण्याच्या आजाराचं, १९९४ मध्ये. दोन्हींत दोष एकाच जातीचा: डीएनएतली ‘सीएजी’ ही तीन अक्षरं प्रमाणाबाहेर पुन्हापुन्हा येतात. माणूस चाळिशीच्या आसपास अडखळू लागतो, आणि गावात पहिला अंदाज दारूचाच बांधला जातो.

माशीत हवं ते जनुक हव्या त्या अवयवात चालू करण्याची युक्तीही १९९३ चीच. ती वापरून नॅन्सी बोनिनी यांच्या गटाने १९९८ मध्ये एससीए-३ च्या मानवी जनुकाचा तुकडा माशीच्या डोळ्यात चालवला. डोळाच का? त्यात साडेसातशेच्या वर भिंगं रांगेत बसलेली असतात, बिघाड लगेच नजरेत भरतो, आणि डोळा गेला तरी बाटलीतली माशी जगते. ‘सीएजी’च्या २७ आवर्तनांतून बनलेलं प्रथिन असताना डोळा ठाकठीक राहिला. ७८ आवर्तनांचं दिलं तेव्हा रंग उडाला, पेशी झडल्या, प्रथिनाच्या गुठळ्या झाल्या. पुढच्याच वर्षी याच गटाने दाखवलं की, प्रथिनांच्या घड्या नीट घालायला मदत करणारं एचएसपी-७० हे प्रथिन वाढवलं तर डोळा बराच वाचतो. माझ्या मते खरा टप्पा हाच. रोग नुसता दाखवता येतो असं नाही, अडवताही येतो हे इथे कळलं. माणसासाठी औषध मात्र त्यातून अजून निघालेलं नाही.

२००० मध्ये माशीचा जनुकसंच वाचून झाला आणि कंपवाताची (पार्किन्सनची) माशीही तयार झाली. आनुवंशिक कंपवाताची पिंक-१ आणि पार्किन ही दोन जनुकं माणसात वेगवेगळी सापडली होती. त्यांचं नातं २००६ मध्ये माशीने उलगडलं. पिंक-१ नसलेल्या माशीचे स्नायू झिजतात, पंख लुळे पडून लोंबतात. तिला पार्किन जास्त दिलं की ती सावरते. उलट करून पाहिलं, पार्किन नसलेल्या माशीला पिंक-१ दिलं, तर काही उपयोग होत नाही. म्हणजे साखळीत पिंक-१ आधी, पार्किन नंतर.