हायब्रीड गाडी ‘बसते’ तेव्हा : एअर सस्पेंशनच्या दुरुस्तीमागची पार्श्वभूमी

निफाडकडे पारा घसरला की नाशिकच्या अंबड-सातपूर पट्ट्यातल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते. ‘रात्री नीट लावली होती, सकाळी बघतो तर मागची डावी बाजू बसलेली.’ एअर सस्पेंशनमध्ये स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी बलून गाडी तोलतात. थंडीत रबर आखडते, बलूनच्या घडीतली केसाएवढी चीर उघडते आणि रात्रभरात हवा निघून जाते. तीच गाडी दुपारी उन्हात तपासली तर काहीच सापडत नाही. मालक म्हणतो गाडीत दोष आहे, मेकॅनिक म्हणतो नाही, आणि दोघेही खरेच बोलत असतात.

गाडी हवेवर तोलण्याची कल्पना जुनी आहे. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅमला चारही चाकांवर हवेचे बलून होते. 1955 ची सिट्रोएन डीएस या यादीत उगाच घुसवली जाते. तिच्यात नायट्रोजन आणि तेल होते, ते वेगळे घराणे. एल्डोराडोचे बलून गळू लागले तेव्हा बऱ्याच मालकांनी ते काढून साध्या कॉइल स्प्रिंग बसवून घेतल्या. बलून दुरुस्त करायचे की काढून कॉइल टाकायची, हा आज नाशिकमध्ये चालणारा वाद तेव्हापासूनचा आहे, फक्त पुढे त्यात इलेक्ट्रॉनिक्स आले. 1992 मध्ये रेंज रोव्हरला आणि 1998 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासला जी पद्धत आली, तीच थोड्याफार फरकाने अजून चालू आहे : चाकाजवळ उंचीचे सेन्सर, एक कंप्रेसर, ओल टिपणारा ड्रायर, वाटणी करणारा व्हॉल्व्ह ब्लॉक आणि या सगळ्यांवर एक कंट्रोल युनिट.

आपल्याकडे ही विद्या लक्झरी बसमधून आली. 2001 पासून मागे इंजिन असलेल्या व्होल्वो बस रस्त्यावर दिसू लागल्या आणि बसच्या मेकॅनिकांनी ‘बेलो’ बदलायला शिकून घेतले. आडगाव नाक्याकडे आजही कोणी बेलो म्हणतो, कोणी बलून. कारवाल्यांनी मात्र ‘एअरबॅग’ हा शब्द उचलला आणि घोळ झाला, कारण टक्कर झाल्यावर फुगते तीही एअरबॅगच. फोनवर ‘एअरबॅगचा दिवा लागलाय’ एवढेच ऐकून सुटा भाग मागवला की हमखास चुकीचा येतो. बलून हाच शब्द बरा.

इंजिनाच्या जोडीला मोटर आणि मोठी बॅटरी असलेल्या हायब्रीड गाड्या या कथेत उशिरा आल्या, पण निदानाची रीत त्यांनी पार बदलून टाकली. 2007 ची लेक्सस एलएस 600 एच, 2009 ची मर्सिडीज एस 400 हायब्रीड, आणि भारतात 2016 मध्ये आलेली व्होल्वो एक्ससी 90 टी 8. मोठी बॅटरी 100 व्होल्टच्या वरची (लेक्ससमध्ये 288), पण सस्पेंशनचा कंप्रेसर साध्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर. पेट्रोल-डिझेल गाडीत ही छोटी बॅटरी थकली की सकाळी स्टार्टर कण्हतो आणि मालकाला कळते. लेक्ससमध्ये इंजिन फिरवायचे काम मोठ्या बॅटरीवरची मोटर करते, त्यामुळे छोटी बॅटरी मरणपंथाला लागली तरी गाडी गुपचूप ‘रेडी’ होते. मग रात्री बसलेली मागची बाजू उचलायला कंप्रेसर तीसेक अँपियर ओढतो, व्होल्ट कोसळतात, आणि बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर कोड येतो तो सस्पेंशनचा. दोष बॅटरीचा, आळ कंप्रेसरवर.

कॉइलच्या वादाचे मूळ याच चुकीत आहे असे मला ठामपणे वाटते. कोड दिसला की आधी कंप्रेसर बदलायचा, ही सवय नाशिकच्या गॅरेजांत पक्की बसली होती. गळती तशीच राहते, नवा कंप्रेसरही तासन्‌तास धावतो, तापतो आणि काही महिन्यांत जळतो. बरोबर जुना ड्रायर तसाच ठेवलेला असेल तर कसारा-इगतपुरीच्या पावसाळी हवेतली ओल थेट व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत पोचते आणि आतले भाग गंजतात. दोनदा पैसे मोजलेला मालक वैतागतो, आणि कोणीतरी सांगतो, ‘काढून टाका हे सगळे, कॉइल टाका, पुन्हा बघायला नको.’

या सल्ल्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात, वेळ लागतो, आणि दहा-बारा वर्षांच्या साध्या डिझेल एसयूव्हीला मालकाने कॉइल टाकली तर त्याची अडचण समजू शकते. तरीही कायद्याचा प्रश्न उरतोच. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते अधिक घट्ट केले. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकला तर त्याला कॉइल दिसणारच.

हायब्रीडला मात्र कॉइल नकोच, आणि हे मी कायद्याच्या भीतीने म्हणत नाही. यांतल्या काही गाड्यांत मोठी बॅटरी मागच्या बाजूला असते. कॉइलचा संच त्याच मॉडेलच्या साध्या आवृत्तीसाठी बनवलेला असेल तर मागची बाजू कायमची खाली राहते. पाच माणसे आणि सामान घेऊन गाडी समृद्धी महामार्गावर ताशी 120 ला धावते तेव्हा हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, कारण दिव्यांचा कोनही बऱ्याचदा त्याच उंचीच्या सेन्सरवर ठरतो. शिवाय डॅशबोर्डवरचा दिवा विझवायला एक छोटे मॉड्यूल जोडतात. ते कंट्रोल युनिटला ‘सगळे ठीक आहे’ असे सांगत राहते. खरा बिघाड झाला तरी तेच सांगते. हे मला सर्वांत धोक्याचे वाटते.

निदानाचा क्रम उलटा केला की कॉइलपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. संध्याकाळी छोट्या बॅटरीचे व्होल्ट मोजायचे, सकाळी पुन्हा. विश्रांतीत 12.6 असायला हवेत. 12.2 च्या खाली असतील तर स्कॅनर लावायच्या आधी बॅटरी. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांची उंची टेपने घ्यायची आणि काचेवर खडूने लिहून ठेवायची. सकाळी एकच कोपरा उतरला असेल तर बलून किंवा त्याची नळी. मागचे दोन्ही एकदम उतरले तर नजर व्हॉल्व्ह ब्लॉककडे. मग पंक्चरवाल्याचे साबणाचे पाणी. खालच्या घडीत ब्रश फिरवल्यावर लगेच काही दिसत नाही. मिनिटभर थांबले की मोहरीएवढा एक बुडबुडा येतो, फुटतो आणि त्याच जागी पुन्हा येतो. कंप्रेसर आणि त्याचा रिले या सगळ्यानंतर.

जॅकचे भान वेगळे ठेवावे लागते. जॅक मोड, म्हणजे उंची आपोआप बदलणे थांबवणारी सेटिंग, न लावता गाडी उचलली की कंट्रोल युनिटला ती फार वर गेली असे वाटते, ते हवा सोडते, आणि खाली उतरवताना रिकाम्या बलूनची घडी चिमटते. पंक्चर काढायला गेलेली चांगली गाडी अशी अधू होऊन परत येते. मागचा बलून उतरवताना डिकीत मोठ्या बॅटरीची नारिंगी केबल दिसली तर तिचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढून, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून, 1000 व्होल्टचे हातमोजे घालूनच हात घालावा.

हल्ली कॉइल आणि संपूर्ण नवा स्ट्रट (बलून आणि शॉकअपची एकत्र जोडणी) यांच्यामधला एक मार्ग रुळतो आहे : स्ट्रट तोच ठेवून फक्त रबर बदलायचे आणि धातूची रिंग यंत्राने आवळायची. आतला शॉकअप शाबूत असेल तर हा मार्ग उत्तम. रिंग किंचित तिरकी बसली तर मात्र गळती दुसऱ्या दिवशीच दिसते, म्हणून गाडी एक रात्र गॅरेजमध्येच ठेवायची आणि सकाळी टेप लावून, खडूचे आकडे जुळल्यावरच चावी द्यायची.