कोठडीतले मृत्यू, एन्काउंटर आणि तपासाचं शिक्षण : हे सगळं आलं कुठून

कोठडीत कुणी मेलं किंवा एन्काउंटर झालं की दोन दिवस टीव्हीवर नुसती आरडाओरड चालते, पण पुढे त्या केसचं काय होणार हे बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांतच ठरून गेलेलं असतं. स्टेशन डायरीत काय लिहिलं, इन्क्वेस्ट पंचनाम्यात, म्हणजे मृतदेहाच्या पंचनाम्यात, अंगावरच्या जखमा नीट मोजल्या का, पीएमचं (शवविच्छेदनाचं) शूटिंग झालं का, मुद्देमाल वेळेत सील झाला का, यावर सगळं असतं. हे कागद पोलिसाच्या हातून सरकारी वकिलाकडे जातात आणि तिथून न्यायाधीशासमोर, आणि या तिघांना ते कागद कसे करायचे, कसे तपासायचे, कसे वाचायचे हे कुणी आणि कधीपासून शिकवायला लागलं त्याची ही पार्श्वभूमी. थोडी लांबलीये, पण मधलं गाळलं तर पुढचं कळत नाही म्हणून सगळं लिहितोय.

सुरुवात इंग्रजांपासूनच करावी लागते. १८५४ ला मद्रास इलाख्यात टॉर्चर कमिशन बसलं होतं, वसुलीसाठी आणि कबुलीसाठी रयतेला मारहाण व्हायची त्याचा अहवाल त्यांनी दिला. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ आलं, पोलिसासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालणार नाही. नवीन भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम २३ झालंय. म्हणजे पोलिसावर या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही हे सरकारनेच दीडशे वर्षांपूर्वी कायद्यात लिहून ठेवलं. पण मग मारहाण न करता तपास कसा करायचा हे शिकवायचं कुणी? आपल्याकडचं पोलीस ट्रेनिंग स्कूल १९०६ ला पुण्यात भांबुर्ड्याला सुरू झालं आणि १९०९ ला नाशिकला गेलं, आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. परेड, कवायत, कायद्याची कलमं हे सगळं तिथे पहिल्यापासून होतं. आपल्याच माणसाच्या हातून मृत्यू झाला तर त्याचा तपास कसा करायचा, हा प्रश्न देशात कुणी गांभीर्याने विचारायला फार वर्षं लागली.

या विषयाचं जगभर वापरलं जाणारं शिक्षण कुठून आलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. २१ ऑगस्ट १९८३ ला फिलिपिन्सचे विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो परदेशातून परत आले आणि मनिला विमानतळावर, सुरक्षारक्षकांच्या गराड्यात असताना त्यांना गोळी घातली गेली. त्यानंतर अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या काही वकिलांनी विचार सुरू केला, की सरकारचाच हात असल्याचा संशय असेल तेव्हा तपास कसा व्हावा याचे काही नियमच नाहीयेत. त्यांच्या कामातून १९८९ ला युनोची तत्त्वं आली आणि १९९१ ला तपासाचं आणि शवविच्छेदनाचं मॅन्युअल, त्यालाच मिनेसोटा प्रोटोकॉल म्हणतात, २०१६ ला ते नव्याने लिहिलं गेलं.

त्याच सुमाराला अर्जेंटिनात लष्करी राजवट संपली होती, हजारो माणसं गायब होती आणि निनावी कबरी जेसीबीसारख्या मशिनने उकरल्या जात होत्या, हाडं मोडत होती, कुठलं कुणाचं काही कळेना. १९८४ ला क्लाइड स्नो नावाचे अमेरिकन हाडतज्ज्ञ तिथे गेले. त्यांनी कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना हाताशी धरून ब्रशने माती काढायला, कवटीतलं गोळीचं भोक वाचायला शिकवलं. १९८५ ला लष्करशहांवर खटला चालला तेव्हा स्नो साक्षीला उभे राहिले. त्या पोरांची टीम पुढे जगभर जाऊन दुसऱ्यांना शिकवायला लागली. चार विद्यार्थ्यांना नीट शिकवलं तर काय होतं ते बघा, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

आता आपल्याकडे. १९८६ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम बंगालच्या लीगल एड संस्थेचे डी. के. बसू यांनी पेपरातल्या कोठडी मृत्यूच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सुप्रीम कोर्टाने पत्रालाच याचिका मानलं आणि निकाल लागला डिसेंबर १९९६ ला, दहा वर्षांनी. अटकेचा मेमो, नातेवाईकाला कळवणं, दर ४८ तासांनी मेडिकल अशा ११ सूचना त्यात आहेत, त्या पोलीस ठाण्यात बोर्डावर लावायच्या असंही त्यातच लिहिलंय. मधल्या काळात १९९३ ला राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आला होता आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी सांगितलं की कोठडीतला मृत्यू २४ तासांत आम्हाला कळवा. १९९५ ला पीएमचं व्हिडिओ शूटिंग करा म्हणाले आणि १९९७ ला पीएमचा नमुना फॉर्म काढला, तो काढताना युनोचा शवविच्छेदनाचा नमुना समोर ठेवला होता. मनिलाच्या विमानतळावर झालेल्या एका खुनातून निघालेला धागा असा आपल्याकडच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या शवागारापर्यंत आला.

सरकारी वकिलांची गोष्ट वेगळीच आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने खटला चालवणारा आणि तपास करणारा वेगळा असावा असं म्हटलं, पण महाराष्ट्रात पोलिसांच्या वतीने खटले चालवणाऱ्या पोलीस प्रॉसिक्युटर्सनाच सहायक सरकारी वकील नेमून पोलीस खात्याच्या हाताखाली ठेवलं गेलं. १९९५ ला शहाणे विरुद्ध महाराष्ट्र सरकार या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की यांचं केडर पोलिसांपासून वेगळं करा. विचार करा, तोपर्यंत मॅजिस्ट्रेट कोर्टात पोलिसाविरुद्धची केस चालवायला जो उभा, त्याचा साहेब पोलीसच. अशा वकिलाला कितीही वर्कशॉप दिले तरी काय उपयोग होणार होता?

न्यायाधीशांचंही तसंच. २००६ पर्यंत कोठडी मृत्यूची चौकशी बहुतेक वेळा प्रांताधिकारी नाहीतर तहसीलदार करायचे, ज्यांना बंदोबस्तासाठी रोज त्याच ठाण्याशी काम पडतं. जून २००६ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७६(१अ) लागू झालं आणि चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे आली, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. पण रिमांडच्या वेळी तुम्ही कधी कोर्टात बसला असाल तर हे बघितलं असेल : आरोपीला पुढे आणतात, साहेब विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, आणि तो "नाही" म्हणतो, कारण ज्याने रात्रभर ठाण्यात ठेवलं तोच हवालदार शेजारी उभा असतो आणि परत त्याच्याच गाडीत बसायचं असतं. पुढचा रिमांड. हा प्रश्न विचारताना पोलिसाला बाहेर थांबायला सांगायचं, आरोपी चालतो कसा ते बघायचं, मेडिकलचा कागद उलटून वाचायचा, या साध्या गोष्टी आहेत, पण त्या कुणीतरी शिकवाव्याच लागतात. उत्तनच्या न्यायिक अकादमीत न्यायाधीश शिकतात, नाशिकला पोलीस शिकतात, मात्र एकच पीएम रिपोर्ट टेबलावर ठेवून तिघं एकत्र बसलेत असं व्हायला पाहिजे, कारण केस नेमकी या तिघांच्या मधल्या फटीत पडते.

एन्काउंटरच्या बाबतीत तर मुंबईचंच नाव कायद्याच्या पुस्तकात आहे. ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्याला मन्या सुर्वे मारला गेला, ते मुंबई पोलिसांचं पहिलं एन्काउंटर म्हणून ओळखलं जातं. १९९५ ते १९९७ मध्ये अशा ९९ घटनांत सुमारे १३५ माणसं मेली आणि त्यावरून पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना कोर्टात गेली. हायकोर्टाने १९९९ ला काही सूचना दिल्या, सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला २३ सप्टेंबर २०१४ उजाडलं. त्यात १६ मुद्दे आहेत. एफआयआर करा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्या, पीएम दोन डॉक्टरांनी करायचं आणि त्याचं शूटिंग, रक्ताने माखलेली माती, केस, धागे जपून ठेवा, पोलिसांची हत्यारं जमा करा, लगेच बक्षीस-बढती नाही. वाचताना मिनेसोटाचंच मॅन्युअल समोर आहे असं वाटतं.

पुरावा जपला तर काय होतं हे लखन भैया केसमध्ये दिसलं. ११ नोव्हेंबर २००६, वर्सोव्याचं नाना नानी पार्क. लखन भैयाला पोलिसांनी उचलल्याचं कळताच त्याच्या वकील असलेल्या भावाने पोलीस अधिकाऱ्यांना तार आणि फॅक्स केले होते, वेळेसकट, एन्काउंटर दाखवलं गेलं त्याच्या आधीचे. मग हायकोर्टाच्या आदेशाने मॅजिस्ट्रेटची चौकशी, एसआयटी (विशेष तपास पथक), २०१३ ला १३ पोलिसांना शिक्षा, आणि तेव्हा निर्दोष सुटलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने दोषी धरलं. म्हणजे आधी हे कागद जपले गेले ते घरच्या माणसामुळे. भाऊ वकील नसता तर?

१ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आले, ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकची टीम घटनास्थळी नेणं बंधनकारक होत चाललंय आणि त्यामुळे सगळीकडे ट्रेनिंगचा जोर आहे. पण त्याच वर्षी सप्टेंबरात बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालात ५ पोलिसांना जबाबदार धरलं, तरी एफआयआरचा आदेश हायकोर्टाला एप्रिल २०२५ मध्ये द्यावा लागला. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीला कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मेला, पीएममध्ये अनेक जखमांमुळे शॉक असं कारण आलं. त्याच्या आईने औरंगाबाद खंडपीठात याचिका केली आणि त्यात एक साधा मुद्दा होता, की कलम १९६ मध्ये मॅजिस्ट्रेटने चौकशी करायची हे लिहिलंय, पण अहवाल आल्यावर पुढे कुणी काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नाही. जुलै २०२५ मध्ये कोर्टाने गुन्हा नोंदवायला सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथेही तो आदेश कायम राहिला.