‘कठीण खडक’ : खोदाई यंत्रांची पार्श्वभूमी

१९५६ च्या सुमारास टोरांटोत सांडपाण्याच्या बोगद्यावर लावलेल्या यंत्राच्या तोंडाला दोन तऱ्हेची हत्यारे होती : खरवडणारे पिक आणि दाबाखाली फिरणाऱ्या डिस्क. वालुकाश्म, चुनखडक आणि शेलच्या थरांत पिक सारखे तुटायचे. ते काढून नुसत्या डिस्कवर यंत्र चालवले, तरी काम तितकेच निघाले. कठीण खडकातला आजचा टीबीएम (बोगदा खोदणारे यंत्र) याच वाटेने आला. त्याआधी १८५३ मध्ये अमेरिकेतल्या हूसॅक बोगद्यावरचे यंत्र तीनेक मीटर खोदून थांबले होते, तर १८८० च्या दशकात इंग्लिश खाडीखालच्या मऊ चॉकमध्ये (खडूसारख्या खडकात) यंत्रे दीड किलोमीटरहून पुढे गेली होती.

डिस्क खडक कापत नाही, दाबून फोडते. धारेखाली खडकाचा भुगा होतो, दाब बाजूंना जातो, तडे पसरतात. शेजारच्या डिस्कच्या चरातून आलेले तडे त्यांना मिळाले की मधली कपची सुटते. चरांमधले अंतर साधारण ७० ते १०० मिमी असते. राडारोड्यात पसरट कपच्या दिसल्या तर दाब पुरेसा आहे. नुसता भुगा येत असेल तर तडे जुळत नाहीत आणि डिस्क फुकट झिजते आहे. जास्त दाब पेलता यावा म्हणूनच डिस्कचा व्यास वाढत गेला. ४३२ मिमीची डिस्क सुमारे २५ टन भार पेलते.

सगळा घोळ ‘कठीण’ या शब्दात आहे. मोह्ज मापक्रम १८१२ चा, आणि तो खनिजाचा : कोण कोणावर ओरखडा उमटवतो, एवढेच सांगतो. कॅल्साइट ३, क्वार्ट्झ ७. यंत्रापुढे मात्र खडक असतो. क्वार्ट्झचे कण कच्च्या बंधनात धरलेला ४० मेगापास्कल दाबसामर्थ्याचा (म्हणजे इतक्या दाबाखाली फुटणारा) वालुकाश्म रोडहेडर (फिरत्या डोक्यावर पिक लावलेले खोदाई यंत्र) सहज काढतो, पण पिकची टोके खाऊन टाकतो. उलट १२० मेगापास्कलच्या घट्ट चुनखडकात झीज थोडी, पण पिक आत शिरतच नाही. पहिल्याला कठीण म्हणायचे की दुसऱ्याला? तिसरा खडक चिवट असतो : सामर्थ्य बेताचे, पण तडा पुढे सरकत नाही.

बोगद्याच्या करारांत खडकाचे वर्ग बहुधा दाबसामर्थ्याच्या एकाच आकड्यावर पाडले जातात. हे चूकच आहे. प्रयोगशाळेत जातो तो भोक पाडून काढलेल्या खडकाचा अखंड गाभा. फुटलेले तुकडे नमुन्यांच्या पेटीतच राहतात. प्रत्यक्ष खोदाईच्या तोंडावर सांधे (खडकातल्या नैसर्गिक भेगा) दाट असतील तर २०० मेगापास्कलचा खडकही ढेकळांनी सुटतो. हत्यारांचा खर्च तर दाबसामर्थ्यावरून कळतच नाही. त्यासाठी १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या कोळसा संशोधनातून ओरखडा चाचणी आली : ९० अंशांच्या टोकाची पोलादी पिन ७ किलो भाराखाली खडकावर १० मिमी ओढायची आणि टोक किती बोथट झाले ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. ०.१ मिमी सपाटी म्हणजे १ अंक. पिन एकाच मोठ्या कणावर घासली गेली तर आकडा फसवा येतो, म्हणून पाचेक ओरखड्यांची सरासरी धरतात.

झिजेनेच डिस्कचा घाटही बदलला. जुनी कडा ‘व्ही’ आकाराची होती. झिजली की रुंद व्हायची, तोच भार जास्त जागेवर पसरायचा आणि धार आत शिरेनाशी व्हायची. आताची कडा झिजली तरी रुंदी जवळपास तीच राहते. बेअरिंग अडकले तर मात्र डिस्क फिरायची थांबते, एका बाजूने सपाट होते, तिचा भार शेजारणीवर जातो आणि काही तासांत ओळीने डिस्क निकामी होतात.